बिल्ला गोठ्याचा, गाय बाजाराची

पौडच्या पशुपैदास केंद्रात अठ्ठ्याऐंशी साली कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी आधी खोली रंगवली, मग एसी बसवला, मग दाराशी चपलांची फळी ठोकली. केंद्रातली अकरा माणसं तेरा वर्षं उकडत होती आणि त्यांच्या पंख्याचा अर्ज चौथ्या वर्षीही पुण्याच्या मुख्य कार्यालयात विचाराधीन होता. पण माणसाचं काय, तो घाम पुसून काम करतो. यंत्राला बिचाऱ्याला घामही पुसता येत नाही.

यंत्र चालवायला सायरा तांबोळी आली. पौडच्या बाजारपेठेतल्या हाफीज बांगडीवाल्यांची ही धाकटी मुलगी. आठ महिने रोज पहाटेच्या एसटीने पुण्याला जाऊन तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. नेमणूक हंगामी होती. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की हंगामी माणसाला कायम करायचं, असा केंद्राचा नियम होता आणि दोनशे तिसाव्या दिवसाच्या आसपास हंगामी माणसाला घरी पाठवायचं, असा केंद्रप्रमुख सबनीस साहेबांचा नियम होता. दोन्ही नियम कसोशीने पाळले जात.

सायराला ही नोकरी हवी होती. नुसती हवी नव्हती, जिवापाड हवी होती. दौंडचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या घरी कॉम्प्युटर सोडा, मुलीने पेपर वाचलेलाही चालत नव्हता. तिची आई फहमिदा त्या लोकांना सांगून बसली होती की, पोरीचे दोनशे चाळीस दिवस होऊ द्या, कायम नाही झाली तर बोलणी करू. त्यामुळे मायलेकी दोघीही दिवस मोजत होत्या. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मुलगी मस्टरवर. मोजणी एकच, नवस मात्र उलटे.

सायराला बिल्ला मिळाला चार नंबरचा. पितळेचा, गोल, ओढणीला पिनेने लावायचा. केंद्राने गाईंच्या कानात मारायला दोन हजार बिल्ले पाडून घेतले होते, त्याच कारागिराकडून माणसांसाठी अकरा जास्तीचे घेतले होते. गाईंचे बिल्ले जरा जाड होते, एवढाच फरक.

प्रोग्राम लिहून दिला होता पुण्याच्या परचुऱ्यांनी. त्यात तीन याद्या होत्या. एकीत गाईंचे मालक. दुसरीत गाई, त्यांचं वय आणि त्यांची आई कोण ते. तिसरीत कोणत्या गाईला कोणत्या वळूचं रेतन केलं आणि ती कधी व्याली, त्याची नोंद. तिन्ही याद्या एकमेकींना बांधलेल्या होत्या गाईच्या कानातल्या बिल्ल्याच्या नंबराने. नंबर टाकला की मालक सापडे, आई सापडे, वासरं सापडत.

"ह्याला रिलेशनल म्हणतात," परचुरे म्हणाले होते. "नात्यांवर चालतं."

"वा! म्हणजे आपल्या खात्यासारखंच," साहेब म्हणाले. ते स्वतः चेअरमनच्या मेव्हणीचे जावई होते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुण्याहून निरोप आला. वीस तारखेनंतर डेन्मार्कचे पाहुणे येणार आहेत, कॉम्प्युटर आपल्या गाईंची वंशावळ कशी छापतो ते त्यांना दाखवायचं. साहेबांनी रंगीत तालीम घेतली. टेबलाभोवती सगळे उभे राहिले. साहेबांनी स्वतःच्या बोटाने नंबर दाबला, चारशे सतरा. उरवड्याच्या गोजराबाईंची गाय.

प्रिंटर करकरू लागला. चारशे सतरा, तिची आई दोनशे सहा. साहेबांनी मान डोलावली. दोनशे सहाची आई चारशे सतरा. साहेबांची मान अर्ध्यात थांबली. चारशे सतराची आई दोनशे सहा. दोनशे सहाची आई चारशे सतरा. कागद टेबलावरून खाली आला, खोलीच्या दारातून बाहेर पडला आणि चपलांच्या फळीपर्यंत जाऊन पोचला. दोन गाई एकमेकींना आळीपाळीने जन्म देत होत्या आणि थांबायचं नाव घेत नव्हत्या.

"बंद करा! बंद करा!" साहेब ओरडले. शिपाई भिकूमामांनी हुकूम तंतोतंत पाळला आणि भिंतीतला प्लग उपटला. त्यामुळे वंशावळ थांबली, पण आणखी एक सोय झाली. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं तेव्हा गाईंचा क्रमच पार विस्कटलेला होता आणि निम्म्या गाई सापडतच नव्हत्या.

परचुऱ्यांना फोन गेला. बिघाड कसा शोधायचा, याची त्यांची एक ठरलेली वाट होती. आधी वीज. विजेचा दाब मोजला, तो बरोबर निघाला. मग फ्लॉपी. तिच्यावर धूळ नव्हती. मग ते जातीने येऊन क्रमाची यादी नव्याने बांधून गेले. त्याने हरवलेल्या गाई सापडल्या, हे खरं. पण चारशे सतरा टाकल्यावर पुन्हा तेच, उलट आता जरा जास्त वेगाने. वीज झाली, फ्लॉपी झाली, क्रम झाला. आता उरला प्रोग्राम आणि उरली ऑपरेटर. प्रोग्राम परचुऱ्यांनी लिहिला होता, त्यामुळे दोष कुठे आहे ते लगेच कळलं.

"नोंदी चुकीच्या टाकल्यात," परचुरे म्हणाले.

"मिस तांबोळी," साहेब म्हणाले, "पाहुणे यायच्या आत हे दुरुस्त झालं नाही, तर तुमच्या दिवसांचं मला काही सांगू नका."

सायराने रात्री जेवणसुद्धा धड केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने सगळी रजिस्टरं काढली. गावोगाव सायकलवरून फिरून रेतन करणारे कुशाबा त्यात नोंदी लिहीत. एकेक ओळ तिने यंत्राशी ताडून पाहिली. तीन दिवस लागले. एकही चूक सापडली नाही. चूक सापडली असती तर दुरुस्त करता आली असती. इथे सगळंच बरोबर होतं आणि दोन गाई एकमेकींच्या आया होत्या.

मग तिने नुसत्या विचित्र गाई वेगळ्या काढल्या. एक गाय अकरा महिन्यांत तीनदा व्याली होती. एकीचं वय एकोणीस वर्षं होतं आणि ती मागच्याच महिन्यात पहिलारू म्हणून नोंदली होती. अशा त्रेचाळीस निघाल्या. सगळ्यात जास्त गोजराबाईंच्या. रविवारी सकाळच्या एसटीने सायरा उरवड्याला गेली.

उरवड्यात तेव्हा कारखान्यांची पहिलीवहिली पत्र्याची छपरं चढत होती. गोजराबाईंचा गोठा त्यांच्या अलीकडे, ओढ्याच्या कडेला. साठीची बाई, हाताने खणखणीत आणि तोंडानेही. तिने सायराला चहा दिला, हाफीजभाईंच्या दुकानातल्या बांगड्या गेल्या संक्रांतीला टिकल्या नाहीत म्हणून दोन शब्द सुनावले, मग गोठ्यात नेलं. गाई तीनच होत्या. कानात बिल्ले होते. चारशे सतरा नंबरची एक तांबडी, जेमतेम तीन वर्षांची कालवड निघाली.

"मावशी, ही चारशे सतरा? आमच्याकडे तर हिचं वय बारा लिहिलंय."

"बारा चंद्रीचं. ही हरनी, तिच्या तांबूची लेक. चंद्रीला तर चाकणच्या बाजारात इकली की, तीन सालं झाली."

"मग चंद्रीचा बिल्ला हिच्या कानात कसा?"

गोजराबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की पोर शिकलेली आहे पण हिला कोणी काही शिकवलेलं नाही. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खुंट्यांवर ओळीने दावी लटकत होती. जुनी, झिजलेली, काही काथ्याची, काही सुती.

"गाय इकली तर दावं द्यायचं न्हाई, एवडं बी ठावं न्हाई व्हय गं तुला? घेनाऱ्यानं आपलं दावं आनायचं. दावं गेलं म्हंजी गोठ्याची लक्षुमी गेली. आन् बिल्ला तर पितळंचा! त्यो कसा जाऊ दीन मी? पक्कडीनं उकलला, ठिवला, हरनीच्या कानात घातला."

"पण मावशी, बिल्ला गाईचा असतो."

"गायीनं मागितला व्हता? केंद्रानं माज्या दारात येऊन दिला, म्हंजी माज्या गोठ्याचा. गाय काय, आज हाय, उंद्या बाजारात."

सायरा तिथेच गव्हाणीच्या कडेवर बसली. तिला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. चंद्री चारशे सतरा. तिची मुलगी तांबू दोनशे सहा. चंद्री विकली, बिल्ला उरला. तांबूला हरणी झाली, तिच्या कानात आजीचा बिल्ला गेला. केंद्रात लिहिलं गेलं, चारशे सतराची आई दोनशे सहा. खोटं कोणी बोललं नव्हतं. केंद्र समजत होतं नंबर गाईचा आहे, गोजराबाई समजत होत्या तो गोठ्याचा आहे आणि दहा वर्षं दोघेही सुखात होते. यंत्राने तेवढा दोघांचा शब्द खरा मानला आणि गोल फिरत बसलं.

"आता सगळंच बुडालं," ती म्हणाली. "कोणत्या नंबरखाली किती गाई होऊन गेल्या, ते कोणाला आठवणार?"

"आठवायचं कशाला?" गोजराबाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्या खुंटीवरचं दावं काढून सायराच्या मांडीवर टाकलं. "ही चंद्री. पिरंगुटच्या बाजारातनं आनली. तीन येतं झाली. थोरली तांबू, मदला गोऱ्हा, धाकटी मेली. चाकणला दिली, फागुनात." दुसरं दावं आलं. "ही म्हातारी कपिला. हिला वाघरानं वरबाडली, म्हून दाव्याला गाठ हाय बघ." दाव्यामागून दावं येत गेलं. प्रत्येकाबरोबर आई, वासरं, साल, महिना. सायराने वही उघडली ती संध्याकाळच्या एसटीपर्यंत मिटली नाही.

पुढचे आठ दिवस ऑफिस सुटल्यावर ती कुशाबांबरोबर गावं पालथी घालत होती. सगळीकडे तीच तऱ्हा होती. खुंटीला दावी, कानात वारसाहक्काने आलेला बिल्ला आणि दावं हातात घेतलं की घडाघडा बोलणारी घरची बाई. पुरुषांना विचारून उपयोग नव्हता, त्यांना फक्त बाजारातला भाव आठवे.

"कुशाबाकाका, तुम्हाला हे माहीत होतं?" तिने एकदा विचारलं.

"व्हय की. पयल्यापासनं."

"मग सांगितलं का नाही?"

"फारमात रकाना कुटं हाय त्याला?" कुशाबा म्हणाले.

सायराने आता रकाना केला. प्रत्येक गाईला तिने यंत्रात स्वतःचा एक नवा नंबर दिला. तो कोणाच्या कानात टोचायचा नव्हता, कोणाला दिसणारही नव्हता, आणि गाय मेली किंवा विकली तरी दुसरीला मिळणार नव्हता. नातीगोती सगळी त्या नंबराला बांधली. पितळी बिल्ला नुसता एका बाजूच्या यादीत गेला. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमुक गाईच्या कानात. बिल्ला हवा तेवढा फिरो, गाय आपल्या जागी.

परचुरे फोनवर म्हणाले की, हे मूळ रचनेच्या विरुद्ध आहे आणि चालणार नाही. सायराने चारशे सतरा टाकला. हरणी, तिची आई तांबू, तिची आई चंद्री. तीन ओळींत प्रिंटर गप्प झाला. परचुरे म्हणाले, मूळ रचनेत ही सोय त्यांनी ठेवलेलीच होती.

साहेबांना तिने दाव्यांची सगळी हकिकत सांगितली. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अडाणी, शुद्ध अडाणी! एकाचा नंबर काढून दुसऱ्याला लावायचा? मागची सगळी सेवा नव्याच्या नावावर? असल्या लोकांमुळेच देश मागे राहिला." मग त्यांना एक कल्पना सुचली. "पाहुण्यांना आपलं मस्टरही कॉम्प्युटरवर दाखवू. इथून पुढे मुख्य कार्यालयात हाताने लिहिलेला एक कागद जाणार नाही. टाका सगळा स्टाफ आत."

सायराने स्टाफ आत टाकला. गाईंच्या अनुभवाने शहाणी झाली होती, त्यामुळे माणसांनाही तिने तोच न्याय लावला. प्रत्येकाला स्वतःचा न दिसणारा नंबर, बिल्ला बाजूच्या यादीत, तारखेपासून तारखेपर्यंत. साहेबांनी छापलेलं पहिलं पान पाहिलं, खाली आपलं नाव ठळक आहे ना एवढं बघितलं आणि समाधानाने सही केली. कॉम्प्युटरने छापलेलं वाचायचं नसतं, ते बरोबरच असतं, असं त्यांचं मत होतं.

पाहुणे आले. गोजराबाईंचा अख्खा गोठा पिढ्यांसकट कागदावर उतरला, वाघराने ओरबाडलेली कपिलाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. परचुऱ्यांनी रचना समजावून सांगितली, साहेबांनी नेतृत्व समजावून सांगितलं. सायरा बाहेर चपलांच्या फळीपाशी उभी होती, कारण आत माणसं वाढली असती तर एसीवर ताण आला असता.

महिनाअखेरीस तिला लिफाफा मिळाला. यंत्रणा आता सुरळीत झाल्याने हंगामी ऑपरेटरची गरज संपली आहे, असं त्यात होतं. मस्टरवर तिचे दोनशे एकतीस दिवस भरले होते. थोडक्यात, तिने इतकं चांगलं काम केलं होतं, की आता तिचं काही काम उरलं नव्हतं.

भिकूमामा ओशाळे होऊन दारात उभे राहिले. "बाई, तेवडा बिल्ला द्यावा लागतुया."

तिने ओढणीवरचा बिल्ला काढून त्यांच्या हातावर ठेवला. एसटी स्टँडपर्यंत ती रडली नाही, पण घरी पोचल्यावर फार रडली. आईने कॅलेंडर उतरवलं नाही, पण दौंडला पत्र टाकलं.

दुसऱ्या दिवशी चार नंबरचा बिल्ला साहेबांच्या पुतण्याच्या, शिरीषच्या खिशावर लागला. यंत्रणा सुरळीत असल्याने तिला सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. शिरीष दिवसभर एसीच्या खोलीत बसून गार होई आणि संध्याकाळी सूसला मोटरसायकलने घरी जाई.

आठवड्याभराने भिकूमामा बांगड्यांच्या दुकानाशी टेकले. गल्ल्यावर सायरा होती.

"सायब लई हुशार," ते हलक्या आवाजात म्हणाले. "म्हनले, चार नंबरचं दोनशे एकतीस भरल्यालंच हायेत. शिरीषनं नऊ भरलं की दोनशे चाळीस. फाईल सरळ पुन्याला, पोरगं कायम."

"मस्टर हाताने लिहून पाठवणार?"

"छ्या! कांपुटरचंच. सायबांचा हुकूमच हाय तसा."

सायराने बांगड्यांचा डबा खाली ठेवला. बिल्ला त्यांनी उकलला होता, दुसऱ्याच्या कानात घातला होता आणि आता वंशावळ छापायला निघाले होते. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच मोकळी हसली आणि भिकूमामांना चहा सांगितला.

दहाव्या दिवशी शिरीषने चार नंबर टाकून कागद काढला. त्यावर दोन ओळी होत्या. त्याने त्या वाचल्या की नाही, ते त्यालाच ठाऊक. साहेबांनी खाली आपलं नाव ठळक आहे ना ते बघितलं आणि सही केली. फाईल पुण्याला गेली. तिथे आस्थापना विभागात रत्नाबाई काळोखे नावाच्या एक बाई होत्या आणि त्या प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचत. एखाद्या कार्यालयावर अशी पाळी येते.

त्यांचं उत्तर दोन परिच्छेदांचं आलं. बिल्ला चारखाली दोन व्यक्ती दिसतात. पैकी श्री. शिरीष सबनीस यांची सेवा नऊ दिवस, सबब प्रस्ताव नामंजूर. श्रीमती सायरा तांबोळी यांची सेवा दोनशे एकतीस दिवस. त्यांना नऊ दिवस कमी असताना का काढलं, आणि त्याच जागी त्याच बिल्ल्यावर प्रमुखांचे नातेवाईक कसे आले, याचा खुलासा केंद्रप्रमुखांनी सात दिवसांत करावा आणि तोवर श्रीमती तांबोळी यांना तात्काळ कामावर घ्यावं. ताजा कलम, सोबतचं मस्टर इतकं स्पष्ट पाठवल्याबद्दल केंद्रप्रमुखांचं अभिनंदन.

त्या दुपारी भिकूमामा पुन्हा दुकानात आले. या वेळी टेकले नाहीत, ताठ उभे राहिले. आतल्या पडद्याआड फहमिदा कान देऊन होती, हातात दौंडहून आलेलं उत्तर होतं. भिकूमामांनी पत्राची प्रत गल्ल्यावर ठेवली आणि तिच्यावर चार नंबरचा बिल्ला.

"सायब म्हनले, झालं गेलं इसरा, उंद्यापास्नं या. ह्यो तुमचा बिल्ला."

सायराने पत्र दोनदा वाचलं. नऊ दिवस. नवव्या दिवशी तिला काढायची आता कोणाची छाती नव्हती. तिचा हात बिल्ल्याकडे गेला आणि तिथेच थबकला. पितळेवर शिरीषच्या खिशातल्या पेनची निळी शाई लागलेली होती. तिने तो दोन बोटांनी उचलला आणि भिकूमामांच्या हातावर परत ठेवला.

"मामा, हा खुंटीला टांगा, साहेबांच्या गोठ्याचा आहे," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, गाय उद्या येतीय. बिल्ला नवा पाडून ठेवा."